बकलम: संपर्काची साधने, ज्येष्ठ पिढी आणि मधला माणूस

जुन्या मराठी दस्तऐवजाच्या अखेरीस, मजकूर संपून साक्षीदारांची नावे सुरू होण्याच्या सुमारास, ‘बकलम’ किंवा ‘बिकलम’ असा एक शब्द पुष्कळदा भेटतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘अमक्याच्या लेखणीने’ एवढाच आहे. ‘बकलम खुद्द’ असे लिहिलेले असेल, तर दस्त करून देणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने लिहिला असे समजायचे, आणि त्या शब्दापुढे दुसऱ्या कोणाचे नाव असेल, तर व्यवहार एकाचा व अक्षर दुसऱ्याचे हे कागदावरच उघड होत असे. लिहिता न येणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने लिहिणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. मात्र लिहिणाऱ्या हाताची नोंद राहिली पाहिजे, असा दस्तलेखनाचा दंडक होता.

घरातील आजी-आजोबांना मोबाइल, व्हॉट्सॲप, समाजमाध्यमे आणि पैशांचे ऑनलाइन व्यवहार समजावून देणे हा आज मराठी कुटुंबांतील रोजचा विषय झाला आहे. हा प्रश्न एकविसाव्या शतकातच निर्माण झाला आणि त्याचे मूळ वार्धक्यात, म्हणजे मंदावलेल्या स्मरणशक्तीत आणि नव्याविषयीच्या अनिच्छेत आहे, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील संपर्कसाधनांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत. टपाल, तार, दूरध्वनी आणि संगणक यांपैकी प्रत्येक साधन आले तेव्हा समाजाचा मोठा भाग, तरुणांसह, त्याच्यापुढे निरक्षर ठरला होता, आणि प्रत्येक वेळी साधन व माणूस यांच्यामध्ये वाचून देणारा, लिहून देणारा किंवा जोडून देणारा एक मधला माणूस उभा राहिला होता. स्मार्टफोनच्या रचनेत या माणसाला जागा नाही, आणि आजच्या ज्येष्ठांच्या अडचणीचे बरेचसे स्पष्टीकरण त्या रिकाम्या जागेत सापडते.

निशाणी आणि अंगठा

मराठेशाहीत गावचे लेखन कुलकर्ण्याकडे असे. पाटील हा गावचा प्रमुख आणि कुलकर्णी हा हिशेब व कागदपत्रे सांभाळणारा वतनदार, अशी ही विभागणी होती, आणि वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार असल्याने लेखणीही ठरावीक घराण्यांतच फिरत राहिली. वतनाचा किंवा जमिनीचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी, वतनदार आणि अधिकारी यांच्या सभेपुढे चाले, तेव्हा निवाड्याचा जो लेख तयार होई त्याला महजर म्हणत. महजरावर उपस्थितांची संमती लागे. पण सभेतील बहुतेकांना अक्षरओळख नसल्यामुळे ते आपापल्या नावापुढे निशाणी काढत. शेतकऱ्याची निशाणी नांगर, व्यापाऱ्याची तराजू, आणि कारागिराची त्याच्या कामाचे हत्यार, अशी ही पद्धत होती. निरक्षर माणूससुद्धा आपण कोण आहोत आणि गावगाड्यात आपले स्थान काय आहे, हे त्या छोट्या चित्रातून कागदावर नोंदवू शकत असे.

अंगठ्याचा ठसा या निशाण्यांच्या जागी पुढे आला, आणि त्याचा इतिहास इंग्रजी अमदानीशी जोडलेला आहे. विल्यम हर्शेल या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची नोंद ठेवणारे कार्यालय स्थापन झाले. ओळख पटवण्याच्या दृष्टीने ठसा निशाणीपेक्षा कितीतरी खात्रीचा होता, कारण नांगराचे चित्र कोणीही काढू शकतो, पण अंगठ्याच्या रेषा उसन्या आणता येत नाहीत. या बदलात एक गोष्ट मात्र गमावली गेली. नांगराची निशाणी माणूस काय करतो ते सांगत असे. अंगठ्याच्या ठशाने त्याच्याविषयी एवढेच कळे, की त्याला सही करता येत नाही. ‘अंगठेबहाद्दर’ हा उपहासाचा शब्द मराठीत रुळला तो या नव्या व्यवस्थेत.

याच काळात साक्षर माणसांच्या एका वर्गावरही नव्याने निरक्षर होण्याची वेळ आली. कुलकर्णी, कारकून आणि पेढीवरचे मुनीम मोडी लिपीत लिहीत. ही लिपी हात न उचलता झरझर लिहिण्यासाठी वापरली जाई. छापखान्याने मात्र देवनागरीची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत बाळबोध लिपीची, निवड केली, आणि विसाव्या शतकात सरकारी दफ्तरांतून व त्यानंतर शाळांतूनही मोडी मागे पडत गेली. ज्या आजोबांनी जन्मभर मोडीत हिशेब ठेवले, त्यांच्या वह्या पदवीधर नातवाला वाचता येईनात, आणि आजही जमिनीची जुनी कागदपत्रे लावून घ्यायची असतील तर मोडीच्या जाणकाराकडे जावे लागते. साक्षरता एकदा मिळवली की जन्मभर पुरते, हा समज मोडीच्या इतिहासाने फार पूर्वीच खोटा ठरवला आहे. लेखनाचे साधन बदलले की कालचा लिहिणारा आज शिकाऊ होतो.

पत्रलेखक आणि पोस्टमन

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात टपालाचा समान दर लागू झाला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून टपाल खाते मनिऑर्डरी स्वीकारू लागले. हा काळ मुंबईच्या औद्योगिक वाढीचाही होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणी स्थापन केली, आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांच्या चिमण्यांनी परळ-लालबागचा परिसर व्यापला, तेव्हा त्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या प्रदेशांत कोकणातील रत्नागिरी जिल्हा आणि घाटावरील सातारा जिल्हा हे प्रमुख होते. पुरुष मुंबईत आणि कुटुंब गावी, अशी हजारो घरे दोन ठिकाणी विभागली गेली, आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे पत्र व मनिऑर्डर. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला पुढे ‘मनिऑर्डर अर्थव्यवस्था’ असे नाव पडले ते यामुळेच.

या व्यवहारातील विसंगती अशी, की १९०१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शंभरात सुमारे पाच एवढेच होते. पत्र पाठवणारा गिरणी कामगार आणि ते घेणारी त्याची आई किंवा पत्नी, या दोघांनाही बहुधा वाचता येत नसे, आणि तरीही टपालाचा व्याप वाढत गेला. हे शक्य झाले ते दोन्ही टोकांना बसलेल्या मधल्या माणसांमुळे. मुंबईच्या टोकाला पत्रलेखक होता. जॉन बेग या वास्तुविशारदाने आखलेली मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसची घुमटाकार इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्या बाहेर ताडपत्रीच्या आडोशाला बसून पत्रे लिहून देणाऱ्या, मनिऑर्डरचे फॉर्म भरून देणाऱ्या आणि पार्सले शिवून देणाऱ्या माणसांची रांग ही शहराची एक ओळखच बनली. कचेरी-कोर्टाच्या आवारात हेच काम वेगळ्या नावाने चाले. तेथे अर्ज लिहून देणाऱ्याला अर्जनवीस म्हणत.

पत्रलेखकाचे काम सांगितलेले उतरवून घेण्यापुरते मर्यादित नव्हते. मराठी पत्राचा एक ठरलेला साचा होता: वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, मग ‘पत्रास कारण की’ असे म्हणून मुख्य मजकूर, आणि अखेरीस सर्व मंडळींची आठवण. बाकड्यासमोर उकिडवा बसलेला माणूस तुटक वाक्यांत काय सांगतो आहे ते ऐकून, त्यातील राग थोडा निववून आणि मागणी नेमकी करून, ते या साच्यात बसवणे हे खरे कौशल्य होते. गावच्या टोकाला हेच काम उलट्या दिशेने होई. पोस्टमन किंवा शाळामास्तर पत्र मोठ्याने वाचून दाखवत, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगत आणि गरज पडल्यास उत्तरही लिहून देत. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली जोडलेल्या छोट्या कुपनावर दोन ओळींचा निरोप लिहिण्याची सोय असे, आणि पैसे घेणारीचा अंगठा शाईच्या पॅडवरून फॉर्मवर उमटला की शेजारी साक्षीदाराची सही होई.

तारेच्या बाबतीत मध्यस्थाची गरज आणखी वाढली. तारायंत्राची सेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. ती दीर्घकाळ इंग्रजीतूनच चालत असल्यामुळे मराठी उत्तम वाचणाऱ्यालाही तार आली की इंग्रजी जाणणारा शोधावा लागे. शब्दागणिक पैसे पडत असल्याने लोक तार सहसा मृत्यू किंवा गंभीर आजार कळवण्यासाठीच करत, आणि म्हणून तारवाला दारात दिसला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. पुढे सणासमारंभाच्या शुभेच्छांसाठी तार खात्याने ठरावीक वाक्यांची क्रमांकवार यादी केली; ग्राहकाने क्रमांक सांगायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य पोहोचायचे. ज्येष्ठ मंडळी रोज सकाळी तयार शुभेच्छाचित्रे पाठवतात, याची आज थट्टा होते, पण दुसऱ्याने तयार केलेल्या शब्दांतून आपली आठवण पोहोचवण्याची ही रीत व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची आहे.

या मधल्या माणसांच्या विश्वासार्हतेला काही आधार होते. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा यांनी संदेशाची गुप्तता फोडणे किंवा टपाल अनधिकाराने उघडणे हा खात्यातील नोकरांसाठी दंडनीय अपराध ठरवला होता. पत्रलेखकाला असा कायदा लागू नव्हता, पण त्याचे गिऱ्हाईक त्याच्या मुकाट राहण्यावर अवलंबून होते. शिवाय तो परका होता, आणि घरच्या माणसांपासून लपवायची गोष्ट परक्याला सांगणे पुष्कळदा सोपे जाते. या व्यवस्थेत फसवणूक होत नसे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वाचता न येणाऱ्याला पत्रात खरोखर काय लिहिले आहे हे तपासण्याचा मार्गच नव्हता, आणि पत्रलेखकाकडे वीस वर्षे जाणारा माणूस विसाव्या वर्षीही निरक्षरच राही. मध्यस्थाने काम भागत होते, पण शिकणे होत नव्हते.

सामूहिक शिक्षण आणि वयाची रेषा

प्रौढांना शिकवण्याचे प्रयत्न या मर्यादेतून सुरू झाले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर असताना, १९३९ मध्ये, मुंबई शहरात प्रौढ शिक्षणासाठी समिती स्थापन झाली आणि गिरणगावातील चाळींत रात्रीचे साक्षरता वर्ग भरू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली व नंतर ती राज्यभर पसरली. या मोहिमेचे वैशिष्ट्य असे, की तिचे एकक व्यक्ती नसून गाव हे होते. गाव साक्षर झाले की समारंभाने तसे जाहीर केले जाई, त्यामुळे एखाद्याचे न शिकणे हा त्याचा एकट्याचा कमीपणा न राहता गावाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होई.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग पुणे परिसरात झाला. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले होते, आणि १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने त्या केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा उपक्रम राबवण्यात आला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य आणि ग्रामव्यवस्था यांवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम सर्वांनी एकत्र ऐकायचा, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करायची, आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि तो यशस्वी ठरल्यावर देशभर असे उपक्रम घेण्यात आले. येथे नवे साधन घरातल्या एकट्या माणसाच्या हाती सोपवलेले नव्हते. यंत्राने सांगितलेले खरे की खोटे, आपल्या शिवाराला लागू की गैरलागू, याचा कस गावातील अनुभवी माणसांच्या बोलण्यात लागत होता, आणि त्या बोलण्यात वय ही अडचण नसून भांडवल होते.

पुढील काळातील सरकारी योजनांनी मात्र वयाची रेषा ओढली. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता अभियान या दोहोंचा रोख १५ ते ३५ या वयोगटावर होता. मर्यादित निधी कमावत्या वयाच्या लोकांवर खर्च करावा, म्हणजे त्याचा परतावा उत्पादनात दिसेल, हे त्यामागचे गणित समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की पस्तिशीच्या पुढचा निरक्षर माणूस शिक्षणाच्या कक्षेबाहेर आणि मध्यस्थाच्या आसऱ्याला राहिला.

संगणकयुगात हीच रेषा पुन्हा ओढली गेली, फक्त तिची जागा सरकली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून शिकवला जाऊ लागला. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक हाताळणीची अर्हता बंधनकारक केली व ती न मिळवणाऱ्याची वेतनवाढ रोखण्याची तरतूद केली; वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्यांना मात्र या अटीतून सूट मिळाली. निवृत्तीकडे झुकलेल्या कर्मचाऱ्याला परीक्षेच्या जाचातून सोडवणे हा त्यामागचा हेतू सहानुभूतीचाच होता. परंतु ज्यांना त्या दशकात सूट मिळाली ते कारकून, तलाठी आणि शिक्षक आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत, आणि ज्या यंत्रापासून त्यांना सवलत दिली गेली त्याच यंत्रातून आता त्यांचे निवृत्तिवेतन, विजेचे बिल आणि दवाखान्याची वेळ या सर्व गोष्टी जातात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण कुटुंबांसाठी सुरू केलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानातही पात्रतेचे वय १४ ते ६० असेच होते.

पिवळ्या बूथपासून खिशातल्या फोनपर्यंत

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्येच सुरू झाले असले, तरी सामान्य मराठी कुटुंबाच्या आवाक्यात दूरचे बोलणे आले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या फलकाखाली. एसटीडी म्हणजे मध्ये ऑपरेटर न घेता परगावी थेट क्रमांक फिरवण्याची सोय आणि पीसीओ म्हणजे सार्वजनिक दूरध्वनी केंद्र. तंत्राने ऑपरेटर काढून टाकला होता, पण त्याची जागा बूथवाल्याने घेतली. गावचा एसटीडी कोड त्याला पाठ असे, वहीच्या पानावरचा क्रमांक लावून देण्याचे काम तो करी, लाइन लागली की काचेच्या खोलीत बोलावी आणि मीटरकडे लक्ष ठेवून ‘अजून एक मिनिट झाले’ असे खुणावी. रात्री दर उतरत असल्याने बूथसमोर उशिरा रांगा लागत. पत्रलेखकाचा हा थेट वारस होता: परका, ठरावीक जागी बसणारा, मोबदला घेणारा आणि ऐकले न ऐकलेसे करणारा.

या पिढीची एक सवय येथे ध्यानात घ्यावी लागते. तारेला शब्दाचे पैसे, दूरध्वनीला मिनिटाचे पैसे, आणि चुकीचा क्रमांक लागला तरी मीटर चालू, अशा व्यवस्थेत ज्यांचे तारुण्य गेले त्यांच्या लेखी चूक ही नेहमीच खर्चाची बाब होती. स्मार्टफोन शिकण्याची रीत याच्या अगदी उलट आहे. येथे दाबून पाहायचे, चुकले तर मागे यायचे आणि पुन्हा दाबून पाहायचे असते. आजोबा पडद्यावरच्या बटणापुढे बोट धरून थांबतात आणि ‘हे दाबले तर काही जाणार नाही ना?’ असे विचारतात, ते बुद्धीच्या मंदपणापेक्षा अनुभवाने शिकवलेल्या सावधपणामुळे. पैशांच्या व्यवहारात तर तो सावधपणा योग्यच असतो, कारण तेथे एक चुकीचे बोट आजही खर्चिक पडू शकते. शिवाय रेडिओची खुंटी वर्षानुवर्षे एकाच जागी असे. ॲपची मांडणी मात्र प्रत्येक सुधारणेनंतर बदलते आणि महत्प्रयासाने पाठ केलेली वाट एका रात्रीत नाहीशी होते.

२०१६ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था, जाहीर झाली. सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेटचे दर कोसळले. आणि नोव्हेंबरमध्ये नोटबंदीने रोखीचा व्यवहार एकाएकी अडचणीत आणला, तर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर चेहरा पाहून बोलण्याची सोय आली. पुणे, नाशिक किंवा ठाण्यातील ज्या घरांतील मुले परदेशी स्थायिक झाली होती, तेथील आई-वडिलांना या शेवटच्या सोयीने फोनकडे ओढून नेले. पण त्यांचा संभाव्य शिक्षक पडद्याच्या पलीकडे, दुसऱ्या देशात होता. पत्र, तार, बँकेची खिडकी, वर्तमानपत्र आणि पारावरची चर्चा या पाच-सहा वेगवेगळ्या संस्था एका काचेत आल्या, आणि त्या प्रत्येकीपाशी उभा असलेला ओळखीचा माणूस मात्र वगळला गेला. पिन आणि ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, यांची रचनाच अशी आहे की मदत मागण्यासाठी ते दुसऱ्याला सांगितले, तर सुरक्षिततेचा नियम मोडतो. मदत घेणे हाच धोका ठरावा, असे साधन या प्रदेशाच्या इतिहासात पूर्वी आले नव्हते.

हे काम मग घरातल्या नातवंडांकडे आले, आणि त्याबरोबर शिकवण्याची दिशाही उलटली. परंपरेने ज्ञान वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे जाई. येथे सत्तर वर्षांच्या माणसाला बारा वर्षांच्या मुलापुढे विद्यार्थी व्हावे लागते. नातवाला फोन येतो, पण शिकवणे येतेच असे नाही. ‘द्या इकडे’ म्हणून फोन हातातून घेणे आणि दोन सेकंदांत काम करून परत देणे त्याला सोपे वाटते. याने काम भागते, पण शिकणे होत नाही. पत्रलेखकाच्या बाकड्यावरची जुनी उणीव अशा रीतीने घरात आली. पत्रलेखकाचे दोन गुण मात्र आले नाहीत. त्याच्याकडे वेळ होता, कारण वेळ हाच त्याचा धंदा होता. आणि तो परका असल्याने माणसाला त्याच्यापुढे खाजगीपणा राखता येत होता, जो स्वतःच्या औषधांची यादी, बँकेतील शिल्लक किंवा जुन्या मैत्रिणीला लिहिलेला निरोप नातवासमोर उघडताना राहत नाही.

निनावी लेखणी

समाजमाध्यमांनी या अडचणीत आणखी एका गोष्टीची भर घातली. पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख असे. छापील मजकुराखाली संपादक आणि मुद्रणालय यांची नोंद कायद्याने आवश्यक होती. छापलेले शब्द कोणाच्या तरी जबाबदारीवर उभे असतात, हा विश्वास अशा व्यवस्थेतून घडला. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला मजकूर भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाखाली येतो, पण तो त्याने लिहिलेला नसतो. पाठवणारा ओळखीचा आणि लिहिणारा अज्ञात, ही स्थिती जुन्या वाचकाला अपरिचित होती. तिचे परिणाम कोणत्याही एका वयापुरते मर्यादित राहिले नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून, भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ठार मारले. देशात अन्यत्रही अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ती खूण मजकूर दुसऱ्याच्या लेखणीतून आला आहे एवढे सांगते, पण लेखणी कोणाची हे सांगत नाही. म्हणजे ‘बकलम’ हा शब्द आहे आणि पुढची जागा कोरी आहे.

‘डिजिटल अटक’ या नावाने चालणारी फसवणूक याच कोऱ्या जागेवर पोसली जाते. पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, खोटे कागद दाखवतो, घरातच थांबण्याचा आणि कोणाशीही न बोलण्याचा हुकूम सोडतो आणि पैसे उकळतो. अशी कोणतीही अटक कायद्यात अस्तित्वात नाही. या फसवणुकीचे मर्म ‘कोणाशीही बोलू नका’ या हुकुमात आहे, कारण मधला माणूस उपस्थित असता तर ती पाच मिनिटेही टिकली नसती. पुण्या-मुंबईसह राज्यभर पसरलेल्या ज्येष्ठ नागरिक संघांत फोन वापरण्याविषयी आणि अशा फसवणुकीविषयी जी सामूहिक सत्रे होतात, त्यांना म्हणूनच श्रोतृमंडळांचे पुढचे रूप मानता येते. आलेला संदेश चारचौघांत वाचून त्यावर बोलणे, हा १९५६ च्या प्रयोगाचा गाभा तेथे नकळत टिकून आहे.

मधला माणूस इतरत्रही नव्या रूपाने परतताना दिसतो. तालुक्याच्या गावातील आपले सरकार सेवा केंद्राचा चालक हा अर्जनवीसाचा वारस आहे. २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून पोस्टमन मोबाइल आणि ठसा घेणारे छोटे यंत्र घेऊन दारात येतो, खात्यातील पैसे हातात देतो आणि निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला घरबसल्या काढून देतो. शंभर वर्षांपूर्वी मनिऑर्डरवर अंगठा घेणारा हाच माणूस होता.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तेथे अक्षरे गिरवू लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास नातवंडे घेऊ लागली. १५ ते ३५ ची रेषा या गावाने मानली नाही, हे त्या शाळेचे महत्त्व आहे. अंगठा सोडून स्वतःची सही करता येणे हा अशा शिक्षणातील पहिला मोठा टप्पा मानला जातो. परंतु ज्या दशकात महाराष्ट्रातील आज्या सही शिकत होत्या, त्याच दशकात रेशन दुकानापासून बँकेपर्यंत आधारशी जोडलेली यंत्रे आली आणि त्यांनी सही बाजूला सारून पुन्हा अंगठाच मागितला. कष्टाने झिजलेल्या बोटांच्या रेषा त्या यंत्राला पुष्कळदा उमटून दिसत नाहीत, हा भाग वेगळाच.

जुन्या अंगठ्यात आणि या अंगठ्यात एक फरक मात्र आहे. कागदावरच्या अंगठ्याशेजारी तो कोणाच्या सांगण्यावरून उमटला, मजकूर कोणी लिहिला आणि कोणासमोर वाचून दाखवला, याची नोंद असे, आणि पुढे वाद उद्भवला तर त्या लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला जाब विचारता येई. यंत्रावरच्या अंगठ्याशेजारी असे कोणाचेही नाव नसते. आजीच्या वतीने नातवाने दाबलेले ‘मान्य आहे’ हे बटण यंत्राच्या लेखी आजीनेच दाबलेले असते. दस्तावर ‘बकलम’ लिहिणाऱ्या कुलकर्ण्याने निरक्षराला अक्षर शिकवले नाही, पण त्याच्या जागी आपण लिहिले हे तरी तो कबूल करत होता. आजच्या मदतीला निदान तेवढी कबुली आणि त्यापलीकडे, फोन हातातून न घेता शिकवण्याचा धीर, या दोन्ही गोष्टी लागणार आहेत.